नुसती धुरी

आमच्या घरात धुरी दोन प्रकारची होती. एक आई द्यायची ती आणि दुसरी बाबा द्यायचे ती.

आईची धुरी कोकणातल्या सगळ्या घरांत असते तशीच. बाळाला न्हाऊ घातलं की मातीच्या परळात निखारा, त्यावर ओवा, लसणाची सालं, चिमूटभर वावडिंग. त्या धुरावरून बाळाला दोनतीनदा फिरवायचं, जावळ सुकवायचं आणि दुपट्यात गुंडाळून निजवायचं. चाळीत कुणाकडे बाळंतपण झालं की आईला बोलावणं यायचं, कारण तिच्या हातचा धूर मऊ असतो असं बायका म्हणत.

बाबांची धुरी सुक्या लाल मिरच्यांची.

घाटकोपरला डोंगरावर आमची एक खोली होती, वर सिमेंटचा पत्रा आणि कोपऱ्यात मोरी. मोरीला बाबांनी स्वतः पत्र्याचं दार बसवलं होतं. ते पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले आणि प्यायला लागले. मारायचे ते रोजच. पट्टा, लाकडी हँगर, कधी नुसता हात. पण धुरी द्यायची असली की ते ओरडत नसत. घमेल्यात कोळसे घालत, पुठ्ठ्याने वारा घालत, कोळसे लाल झाले की वर मूठभर मिरच्या टाकत. घमेलं मोरीत सरकवत, आमच्यापैकी एकाला आत ढकलत, कडी घालत आणि दाराला पाठ लावून बसत.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला धुरी मिळाली ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिसरीत होते. त्याने प्रगतिपुस्तकावर बाबांची सही स्वतःच केली होती. आधी आतून लाथांचे आवाज आले, मग खोकला. मग खोकल्याच्या मधली जागा कमी कमी होत गेली आणि शेवटी नुसता ओढण्याचा आवाज उरला. बाबांनी दार उघडलं तेव्हा तो हातापायांवर बाहेर आला. नाकातून शेंबूड, तोंडातून लाळ आणि ओकारी, डोळे सुजून मिटलेले. बाबांनी त्याच्या बरगडीत लाथ घातली. "ऊठ. पोरगी आहेस का? छाती घट्ट होते याने. गिरणीत आम्ही कापसाचा धुरळा खाल्ला, मेलो का?"

शेजारची काकू खोकत दारात आली. "काय गं, डोळे झोंबतायत सगळ्यांचे."

आई म्हणाली, "काय नाय गे, नुसती धुरी दिल्यानी."

काकूने मान हलवली आणि ती गेली. धुरी म्हणजे औषध. औषधाबद्दल कोण काय विचारणार?

त्या दिवशी दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, तेव्हा मी त्याच्या पाठीला कान लावला. आत पिपाणी वाजत होती. जत्रेतली, दोन पैशांची. श्वास सोडताना जास्त, घेताना कमी. दोन दिवसांनी ती थांबली, पण पुढे धूळ उडाली, थंडी पडली, तो धावला, की पुन्हा वाजायची.

मला धुरी मिळाली ती पुढच्या वर्षी, रेडिओ पाडला म्हणून. बाबा कोळसे पेटवत होते तेवढ्यात दादा कानाशी येऊन घाईघाईने म्हणाला, "मोरीच्या भोकाशी तोंड लाव. घाण वास येईल, पण हवा येते. वर बघू नकोस." मी तसंच केलं. पहिल्या श्वासाला काही होत नाही. दुसऱ्या श्वासाला घशातून कुणी कानस ओढतंय असं वाटतं आणि तिसरा श्वास छाती घ्यायलाच तयार होत नाही. बाहेर आले तेव्हा मीही ओकले. पण पिपाणी वाजली नाही. मी कितीतरी दिवस वाट पाहिली, मुद्दाम डोंगर चढले, धावले. काही नाही. पुन्हा एकदा मिळाली, तेव्हाही नाही.

दोघांना मिरच्या त्याच, मोरी तीच, बाप तोच. मग पिपाणी एकाच्याच छातीत का?

कॉलेजांत, मुलाखतींत, नंतर कामाच्या ठिकाणी मला अनेकांनी विचारलं आहे की श्वसनमार्गाचा दाह हाच विषय का घेतलास. मी प्रदूषणाचं उत्तर देत आले. तेही खोटं नव्हतं, मुंबईच्या हवेत जन्म काढलेल्या कुणालाही तो विषय सुचेल. पण खरा प्रश्न वर लिहिला तेवढाच होता.

बी. एस्सी. झाले. एम. एस्सी.ला जैवतंत्रज्ञान घेणार म्हटल्यावर बाबांनी पाण्याचा तांब्या फेकला. तो भुवईवर लागला. "तुला पाहिजे ते शिक, पण माझ्या घरात नाही," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. प्रवेश परीक्षेला मी टाके घेऊन बसले. पर्यवेक्षकाने ओळखपत्रावरचा फोटो आणि माझा चेहरा तीनदा ताडून पाहिला. नंतर वसतिगृह मिळालं आणि मी घरी राहायला परत गेले नाही.

संशोधनाला लागले तेव्हा पहिल्या वर्षी पुस्तकात वाचलं की मिरचीतला तिखट पदार्थ श्वासनळीच्या अस्तरातल्या नसांवर एका ठरावीक जागी बसतो. हीच जागा भाजल्याची खबरही देते. म्हणजे शरीराच्या दृष्टीने मिरचीचा धूर आणि आग यांत फरक नाही. नस आगीची बोंब मारते आणि बोंब मारताना स्वतःच असे पदार्थ सोडते की अस्तर सुजतं, चिकटा सुटतो, नळीभोवतीचा स्नायू आवळतो. आग नसतेच, पण आग विझवण्यासाठी शरीर जे करतं त्यातच माणूस गुदमरतो. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि वाचनालयाच्या जिन्यात जाऊन बसले.

मग कळलं की हाच पदार्थ प्रयोगशाळेत वापरतात. गिनीपिगला काचेच्या पेटीत ठेवायचं, मिरचीच्या त्या अर्काचा बारीक फवारा आत सोडायचा आणि खोकला मोजायचा. एका गटाला आधी औषध दिलेलं, दुसऱ्याला नाही. याला आमच्या भाषेत चॅलेंज देणं म्हणतात. "आज कुठल्या गटाला चॅलेंज द्यायचंय?" असं आम्ही चहा पिताना विचारतो. मराठीत मार देतात, शिक्षा देतात, धुरी देतात. त्या यादीत मला आणखी एक शब्द मिळाला.

प्रयोग संपला की प्राणी मारावा लागतो. फुप्फुसं धुऊन त्या पाण्यातल्या पेशी मोजल्याशिवाय सूज किती हे सांगता येत नाही. गिनीपिगला भुलीचं औषध जास्त देतात. उंदरांची मान मोडतात. डोक्यामागे पेन्सिल आडवी दाबायची, शेपटीचं मूळ धरायचं आणि एका झटक्यात ओढायचं. हळू ओढलं तर त्याचे हाल होतात, म्हणून मन घट्ट करून जोरात ओढायचं असतं. हे शिकवणारी माझी सीनियर पहिल्या आठवड्यात रडली होती म्हणे. बरोबरचा एक मुलगा विषय बदलून वनस्पतींकडे गेला. माझा हात पहिल्या दिवशीही थरथरला नाही. बोटांना तो बारीकसा कट्ट लागला आणि मी पुढचा उंदीर घेतला. सीनियर म्हणाली, "झकास हात आहे गं तुझा. जन्मजात." जन्मजात नव्हता तो.

माझं नाव व्हावं असं काम मी केलं नाही आणि शरम वाटावी असंही नाही. नियमांत बसेल तेवढेच प्राणी, एकही जास्त नाही. मोजलं नाही ते लिहिलं नाही. पुढे अंधेरीला औद्योगिक वसाहतीत औषधांच्या चाचण्या करणाऱ्या एका कंपनीत लागले आणि आज तिथल्या श्वसन विभागाचं काम बघते. दम्याच्या पंपात जाणारी औषधं आमच्या पेट्यांमधून पुढे जातात किंवा जात नाहीत. एकाच्याच छातीत पिपाणी का, याची काही उत्तरं हाती आली आहेत: रक्तातून आलेला कल, तान्हेपणीचे आजार, अस्तर आधीच किती सोललेलं होतं. पूर्ण उत्तर नाही. बाबा मधल्या काळात गेले, फुप्फुसांनीच. कापूस आणि विडी.

दादा तिथेच राहिला. चाळ पाडून तिथे एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत झाली, त्यात सातव्या मजल्यावर त्याला घर मिळालं. तो एका कुरिअर कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे. लग्न झालं, एक मुलगी झाली, आई त्याच्याकडेच. पिपाणीही त्याच्याकडेच राहिली. मी पंप आणून दिला की तो कपाटात टाकायचा. "सवय लागते त्याची. तुम्ही लोक लावता आणि मग विकता." पार्किंगवरून त्याने एका माणसाचं नाक फोडलं होतं. वहिनीच्या दंडावर मी दोनदा निळे डाग पाहिले. एकदा थेट विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, तुम्ही आठवड्याला येता. मी रोज इथे असते." त्यानंतर मी भाचीला माझा नंबर पाठ करायला लावला.

गेल्या वर्षी एका दुपारी मी कामावर असताना वहिनीचा फोन आला.

"ताई, पोरीला श्वास घेता येत नाहीये."

"काय झालं?"

"ह्यांनी धुरी दिली."

मला दुसरं काही विचारावं लागलं नाही. "ओठ बघ. रंग कसा आहे?"

"निळसर वाटतायत."

"रिक्षात घाल. जवळच्या हॉस्पिटलात ने. माझी वाट बघू नकोस. आणि वहिनी, तिथे धुरी म्हणू नकोस. मिरची म्हण."

फोन कट झाला.

मेट्रोने अंधेरीहून घाटकोपरला जायला फार वेळ लागत नाही. त्या वेळात मी स्वतःला फक्त कामाच्या गोष्टी विचारत होते. भाची पंधरा वर्षांची. लहानपणी दोनदा छाती भरली होती, म्हणजे बापाचा कल तिच्यात आहे. बाथरूम लहान. मोरी होती तेव्हा निदान भोक होतं, एसआरएच्या बाथरूममधल्या जाळीखाली पाणी साचलेलं असतं, तिथून हवा येत नाही. आज ती वाचेल असं मला वाटत होतं. वाचून ती कुठल्या घरी जाणार, हा प्रश्न होता. ती परत त्याच घरी गेली, तर पुढच्या वेळची धुरी तिला सोसणार नाही. हे मी आत्या म्हणून म्हणत नाही, माझ्या पेट्यांमध्ये पाहिलेलं सांगते आहे. एकदा चिडलेली नळी दुसऱ्या वेळी निम्म्या मात्रेने आवळते.

कॅज्युअल्टीत भाची आडवी होती. तोंडावर मास्क, गळ्याचे खळगे प्रत्येक श्वासाला आत जात होते. ऑक्सिजनच्या यंत्रावर अठ्ठ्याऐंशी. तिने मला पाहून डोळे मिटले.

दादा बाहेर बाकड्यावर बसला होता, आई त्याच्या शेजारी.

"आली," तो म्हणाला. "शास्त्रज्ञ आली. आता पेपर लिही यावर."

"किती मिरच्या होत्या?"

"तुला काय करायचंय? माझी पोरगी आहे."

"किती मिरच्या, दादा?"

"मूठभर. बाबा घालायचे तेवढ्याच. आपण मेलो का?"

"तिने काय केलं?"

"क्लासला म्हणून निघते आणि मॉलमध्ये पोरांबरोबर बसते. वर तोंड करून मला सांगते, फ्रेंड आहे. फ्रेंड!" बोलता बोलता त्याची छाती वाजत होती. लक्ष देऊन ऐकावं लागत नव्हतं.

आई म्हणाली, "अगो, चेडवाक वळण लावक नको? तुझ्या बापाशीन दिल्यान नाय तुमका? मेल्यात काय तुमी?"

"बाबा कशाने गेले, आई?"

"तां वेगळा."

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर बाहेर आला. रात्रपाळी करून थांबलेला असावा, डोळे लाल होते. "पेशंटचे नातेवाईक? नक्की काय झालं होतं?"

आई लगेच उठली. "धुरी दिलेली हो, डॉक्टर. सर्दी होती तिला."

"धुरी?" तो हसलाच. "अहो आजी, ती तान्ह्या बाळाला देतात. खरं तर त्यालाही देऊ नये. एवढ्या मोठ्या मुलीला कसली धुरी? ओव्याची?"

"होय, होय. ओव्याची."

"आता तरी बंद करा हे आजीबाईचे उपाय. बरी होईल ती, संध्याकाळपर्यंत ठेवू." आणि मान हलवत तो वळला.

चाळीत काकूने मान हलवली होती तशीच ही मान होती. त्याचा दोष नव्हता. कुठल्याही मराठी माणसाने त्या शब्दाला तेच उत्तर दिलं असतं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती आणि खालच्या लादीकडे बघत होती.

"डॉक्टर, ओवा नव्हता," मी म्हटलं.

पुढचा शब्द निघायच्या आत दादाने माझं मनगट धरलं आणि हात पाठीमागे पिरगळला. खांद्यात काहीतरी सरकल्यासारखं झालं. "गप," तो कानाशी म्हणाला. "घरातलं घरात."

माझ्या दुसऱ्या हातात पिशवी होती, पिशवीत स्टीलचा डबा, जेवण न झाल्यामुळे भरलेला. मी आयुष्यात माणसावर हात उचलला नव्हता. उंदरांवर उचलला होता. हळू मारलं तर हाल होतात एवढंच मला माहीत होतं, म्हणून पूर्ण जोराने मारलं. पिशवी त्याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, रक्त शर्टावर आलं. त्याने मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी माझं डोकं आगीच्या सूचनेच्या पाटीच्या कडेला लागलं आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. कुणीतरी बाई किंचाळली. सिक्युरिटीवाला आणि एक वॉर्डबॉय त्याच्या अंगावर पडले. त्याने वॉर्डबॉयच्या पोटात गुडघा घातला. आई माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होती, "हीच! हिनाच सुरुवात केल्यान!"

मग तो थांबला. कुणी थांबवलं म्हणून नाही, हवा संपली म्हणून. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो वाकला आणि भिंतीला घासत खाली बसला. पिपाणी आता सगळ्या व्हरांड्याला ऐकू येत होती. ओढायला जात होता आणि आत काही जात नव्हतं.

"दमा आहे," मी डॉक्टरला सांगितलं. माझ्या कपाळावरून रक्त ओघळत होतं. "लहानपणापासून. पंप घेत नाही. वेळ घालवू नका."

त्यांनी त्याला आत नेलं. रिकामी खाट एकच होती, भाचीच्या शेजारची. मध्ये हिरवा पडदा ओढला. दोन्ही मास्कांमध्ये औषध तेच. ते औषध कसं लागू पडतं हे आमच्यासारख्यांनी किती फुप्फुसं धुऊन ठरवलं आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मला त्याची लाज वाटली नाही. ते नसतं तर त्या दुपारी तिथे दोन मेलेली माणसं असती.

डॉक्टर आता हसत नव्हता. नर्स माझ्या कपाळावर पट्टी लावत होती. "काय चाललंय तुमच्या घरात?" त्याने विचारलं. "धुरी कशाची होती?"

मला सगळं माहीत होतं आणि मी काहीच पाहिलं नव्हतं. मी वहिनीकडे पाहिलं. "वहिनी, तू सांग. तू घरात होतीस."

"मी बाजारात गेले होते," ती म्हणाली. "आले तेव्हा हे बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले." आणि पुन्हा लादीकडे बघायला लागली.

"गप रव," आई तिला म्हणाली.

भाचीने मास्क बाजूला केला. नर्स पुढे झाली, तर तिने हात हलवून तिला थांबवलं. एका श्वासात तिला दोनतीनच शब्द जमत होते.

"ओवा नाही. मिरच्या. घमेल्यात. बाबांनी बाहेरून... कडी लावली."

"खिडकी नाही का तिथे?" डॉक्टरने विचारलं.

"टेप लावलेली. सकाळीच. मला वाटलं... कबुतरांसाठी." तिने मास्क लावून दोन श्वास घेतले. "मी पाणी ओतलं. कोळशांवर. तर वाफ झाली. जास्तच लागली. मग नाही आठवत."

आई म्हणाली, "खोटा बोलता ती. लहानपणापासून सवय आसा तिका."

पडदा एका झटक्यात सरकला, वरच्या दोन रिंगा निघाल्या. दादा खाटेवर उठून बसला होता. मास्क तोंडावर तसाच, आतून रक्त लागलेलं आणि वाफेने धुरकटलेलं. त्याने मुलीकडे बोट केलं.

"घरी ये तू," तो मास्कमधून म्हणाला. "घरी ये फक्त. मग दाखवतो."

हे डॉक्टरने ऐकलं, नर्सने ऐकलं, दारात उभ्या सिक्युरिटीवाल्यानेही ऐकलं. आमच्या घरात अशी वाक्यं पोटात घेणारा एक शब्द कायम हाताशी असायचा. या वाक्याला तो लागू पडत नव्हता.

भाची म्हणाली, "नाही येत."

डॉक्टरने नर्सला सांगितलं, "पोलिसांना फोन लाव. हे मला कळवावंच लागेल."

त्यापुढचं थोडक्यात सांगते. हवालदार आला, त्याने भाचीचं, मग वहिनीचं बोलणं लिहून घेतलं. आईने मला सगळ्यांसमोर शाप दिला, "माझा घर फोडलंस, तुझी छाती फुटात." वहिनी बोलली. फार नाही, पण टेप कधी आणला आणि कोळसे कुठून आणले तेवढं बोलली. दादाला नंतर जामीन मिळाला. मुलीने कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या समितीसमोर आम्ही सगळे गेलो आणि तूर्त तिने आत्याकडे राहावं असं ठरलं. केस चालू आहे. माझ्या नवऱ्याने आमच्या नाहूरच्या घरातली पुस्तकांची खोली एका दिवसात रिकामी केली आणि एक खाट आणली. वहिनीने तिचे कपडे आणि दप्तर आणून दिलं, चहा घेतला आणि परत घाटकोपरला गेली. मी तिला राहा म्हटलं होतं. ती म्हणाली, "म्हातारीला कोण बघणार?"

मी पुढच्या सोमवारी कामावर गेले. त्या दिवशी चॅलेंज होतं. मी काचेपुढे बसले आणि खोकला मोजला. काही लोकांना वाटेल की मला ते जमायला नको होतं. मला जमलं.

भाची रोज सकाळी एका नळीत जोराने फुंकते, त्यावरून तिची छाती किती मोकळी आहे ते कळतं. सुरुवातीला ती बाथरूमचं दार उघडं ठेवून आंघोळ करायची. आम्ही त्या वेळी दोघंही गॅलरीत जाऊन बसायचो. आता ती दार लोटते. कडी लावत नाही.

एका रविवारी सकाळी गेटवरून इंटरकॉम आला. "मॅडम, तुमचे भाऊ आलेत. मुलीला खाली पाठवा म्हणतायत."

भाची ऐकत होती. तिने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "नाही येणार म्हणून सांगा," ती म्हणाली आणि ठेवून दिला.

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. वॉचमनचा आवाज चढलेला होता. "मॅडम, त्यांनी केबिनची काच फोडली. माझी कॉलर धरली. हात कापलाय त्यांचा, रक्त थांबत नाहीये. पोलिसांना बोलवू का?"

"मी येते," मी म्हटलं. "गेट उघडू नका."

नवरा बरोबर यायला निघाला. भाची म्हणाली, "काका, तुम्ही इथे थांबा ना. आत्या, तू जा. कापूस घेऊन जा."

दादा गेटच्या बाहेर पदपथावर बसला होता. उजव्या हाताचा तळवा मनगटापर्यंत उघडा पडला होता, पँट रक्ताने भिजली होती. वॉचमन आतल्या बाजूला काठी घेऊन उभा होता, त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मी लहान फाटकातून बाहेर गेले आणि माझ्यामागे ते लावायला सांगितलं. दादाने मला पाहून उठायचा प्रयत्न केला. मी दोन पावलं मागे सरले. मग तो पुन्हा बसला आणि हात पुढे केला.

काचेचा एक तुकडा आत रुतला होता. मी तो कापसाबरोबर आणलेल्या चिमट्याने काढला. तो ओरडला नाही, शिवी दिली, मला की काचेला ते कळलं नाही. मी कापूस दाबून पट्टी घट्ट आवळली.

"टाके लागतील," मी म्हटलं. "स्टेशनजवळ दवाखाना आहे."

"खाली बोलव तिला. पाच मिनिटं. तुझ्यासमोर."

"ती नाही म्हणाली."

"तू सांगितलं तर येईल."

"म्हणूनच सांगणार नाही."

त्याने चांगला हात उचलला. मी तो पाहिला, तो किती लांब आहे तेही पाहिलं. वॉचमनने काठी पुढे केली. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग त्याने त्या हाताने तोंड पुसलं. त्याचा श्वास वाजत होता.

"छाती कशी आहे तिची?" त्याने विचारलं.

"आज सकाळी तीनशे तीस फुंकलं तिने."

"म्हणजे काय? चांगलं की वाईट?"

"आली तेव्हा दोनशेही होत नव्हतं."

तो त्या आकड्याचा विचार करत असावा, किंवा कसलाच नाही. मग दुखरा हात छातीशी धरून उठला, रिक्षेला हात केला आणि मागे न बघता बसला. वॉचमन काच झाडायला लागला. मी वर गेले. भाचीने दार आतून लावून घेतलं होतं. मी बेल वाजवली, माझं नाव सांगितलं, आणि तिने ते उघडेपर्यंत बाहेर उभी राहिले.